बसऱ्याला मेलेले दोघे

माझे पणजोबा कुठे मेले ते शोधून देणारा माणूस काल मेला.

शॉन. आयर्लंडचे. आमच्या कंपनीत सेफ्टीचे मोठे साहेब. मी त्यांचा ड्रायव्हर. पाच वर्षं रोज सकाळी त्यांना घरून घेऊन इथे आखातात बरक्याच्या साइटवर सोडायचो.

मागे बसायचे नाहीत. माझ्या शेजारी बसायचे आणि मांडीवरची जाड फाइल वाचायचे.

एकदा विचारलं, "सर, ये रोज क्या पढते हो?"

"मेरा गांव," म्हणाले. मग अर्धं हिंदी, अर्धं इंग्लिश करत सांगितलं.

पहिल्या वर्ल्ड वॉरमध्ये त्यांच्या गावातली पोरं इंग्रजांच्या फौजेत गेली. लढाई संपेपर्यंत सगळं आयर्लंड इंग्रजांवर उलटलं होतं. जिवंत आले त्यांनी मेडलं लपवली. मेले त्यांचं घरातसुद्धा नाव घ्यायची चोरी.

त्यातला एक शॉनच्या आजोबांचा थोरला भाऊ. मायकल. बसऱ्याजवळ मेला.

"त्याच्या आईने फोटो पिठाच्या डब्यात लपवला होता."

बसरा ऐकलं आणि मी गाडी कडेला घेतली.

"सर, माझे पणजोबापण बसऱ्याला."

"नाव काय?"

धोंडू. मला तेवढंच माहीत होतं.

संगमेश्वराकडचं आमचं गाव. पणजोबा पलटणीत गेले ते गेलेच. पत्र नाही, खबर नाही. बऱ्याच वर्षांनी सरकारातून एक मेडल तेवढं आलं, सोबत चिठ्ठीही नाही. पणजी मरेपर्यंत कुंकू लावत होती. बायका तोंडावर म्हणायच्या, "तिकडे दुसरी केली असेल त्याने."

शॉन म्हणाले, "घरी मेडल आहे? त्याची कड बघायला सांग."

भावाने देव्हाऱ्यातलं मेडल चिंचेने घासलं. कडेवर खरंच नंबर होता, नाव होतं. व्हॉट्सॅपवर फोटो आला. पुढचे सात-आठ महिने हा माणूस स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्या पणजोबांसाठी कुठे कुठे ईमेल करत राहिला.

मग एका सकाळी ते गाडीत बसलेच नाहीत. मला आत बोलावलं, सोफ्यावर बसवलं आणि हातात कागद दिला.

धोंडू. ताप. बसऱ्याचं लष्करी हॉस्पिटल. तारीख.

खाली एक ओळ. घरी कळवले.

गावाचं नाव बरोबर होतं. तालुका भलताच.

पत्र निघालं होतं हो. पणजीपर्यंत पोचलंच नाही.

मी लहान पोरासारखा रडलो. शॉननी चहा केला. अगदी पाणचट. मग म्हणाले, "त्याने तिला टाकलं नव्हतं. घरी सगळ्यांना सांग."

भावाने तिथी काढून श्राद्ध घातलं. शॉननी व्हिडिओ मागून घेतला, पुन्हा पुन्हा बघितला.

"मायकलसाठी कोणीच काही केलं नाही रे."

गावच्या चर्चजवळ एका दगडावर मायकलचं नाव लागावं, एवढीच त्यांची इच्छा. दोनदा लिहिलं. गावाने कळवलं, इंग्रजांच्या वर्दीतल्याचं नाव नको.

"रिटायर झालो की जातो. एकेकाच्या दारात जाऊन समजावतो."

त्याआधीच पोटाचा कॅन्सर निघाला.

एअरपोर्टला मीच सोडलं. "यल्ला, दिलीप," म्हणाले, म्हणजे इकडच्या अरबीत 'चल', आणि माझा हात काही सोडेनात. इतके हलके झाले होते की मिठी मारायची भीती वाटली.

काल त्यांच्या मुलीचा मेसेज आला. शेवटच्या आठवड्यातसुद्धा विचारत होते, गावाचं उत्तर आलं का.

नाही आलं.

तिकडे लिहितील तेव्हा लिहितील. मी आज इथे लिहितो.

मायकल. वय एकोणीस. बसऱ्याजवळ मेला. त्याच्या भावाच्या नातवाने त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही.

शॉन, आमच्या सगळ्या घराचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.