कबाड पाहणारे सर

"पहले कबाड़ दिखाइए."

कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की सरांचं पहिलं वाक्य हेच. संचालक चहा-समोसे मांडून बसलेले असायचे आणि हा गृहस्थ पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून मागच्या गंजक्या ढिगाकडे निघालेला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासोबत जाताना ओशाळल्यासारखं आपल्यालाच होतं.

आम्ही दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत होतो. निरनिराळ्या देशांची संशोधन धोरणं ताडून पाहायची, हे आमचं काम. मी धोरणांचे कागद वाचायचो, सर ढीग वाचायचे. "जर्मनीत जुन्या यंत्राचे भाग काढून नव्याला लावलेले दिसले. आपल्याकडे यंत्र अख्खं असतं रे, बिल्कुल अख्खं. फक्त एक वॉशर नसतो," असं सांगायचे. मग प्रत्येक यंत्राजवळ थांबून दुसरा प्रश्न, "ये बंद क्यों हुआ?"

फरीदाबादच्या एका प्रयोगशाळेत मात्र ढीगच नव्हता. सर बावचळले. कारण मागच्या शेडमध्ये सापडलं. धातू कातायच्या लेथवर वाकलेले एक मिस्त्री मोडलेला प्रत्येक भाग तिथेच घडवून देत होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्यांच्या जागी कुणाला घ्यायची परवानगी नव्हती.

"मेरे सामने कोई सीख ले, बस," मिस्त्री म्हणाले.

सरांनी त्यांचा तेलकट हात हातात घेतला. "लिखूंगा."

आणि लिहिलं. चांगली चार पानं. अहवालावर शेवटचा हात मी फिरवायचो. देशोदेशीचे तक्ते आणि मध्येच हा एक मिस्त्री, मला ते विजोड वाटलं. सरांना न विचारता मी ती पानं काढून टाकली. छापील प्रत त्यांनी दोनदा चाळली. "अच्छा," एवढंच म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

सर निवृत्त झाले. गेल्या थंडीत वारले.

परवा त्याच प्रयोगशाळेत जाणं झालं. संचालकांच्या दारातच मी म्हणालो, "पहले कबाड़ दिखाइए." आता ढीग होता. त्या शेडमध्येच, छातीएवढा. मधोमध लेथ.

"ये बंद क्यों हुआ?" मी सोबतच्या शिपायाला विचारलं.

"बंद कहाँ है, साहब? मिस्त्री जी के बाद कोई आया ही नहीं."

त्यानं बटण दाबून दाखवलं. लेथ मोकळाच फिरू लागला. मला मान वर करवेना.