चौदा नंबरचा दगड

९ मार्च २०१३. नदीकाठच्या जुन्या नकाशाच्या नकलेसाठी आमच्या गावच्या सोसायटीने बीडच्या भूमी अभिलेख कार्यालयात १८५ रुपये भरले. दुष्काळात जनावरांसाठी सिंदफणेच्या काठी विहीर खणायची होती आणि तलाठी म्हणत होते, आधी रेल्वेची हद्द दाखवा. नकाशात कधीच न आलेल्या रेल्वेची तुटक रेघ नदी ओलांडून गेली होती. रेघेवर क्रमांकाचे दगड.

त्या रेल्वेच्या मोजणीतला एकच माणूस गावात उरला होता, आश्रुबा. १९६१ साली ते झेंडी धरायला होते. जाताना मोजणीचा साहेब म्हणाला, चौदा नंबरचा दगड सांभाळ, गाडी सुरू झाली की तुला फाटकावर नोकरीला लावून घेतो. दोन वर्षांनी मोठा पूर आला. ओसरल्यावर काठावर एकच दगड दिसला. आश्रुबांना अक्षरओळख नव्हती, तोच आपला चौदा नंबर असे त्यांनी धरले. तो कुणी उपटू नये म्हणून त्यांनी त्याला शेंदूर फासला, आणि खरोखरच कुणी हात लावला नाही. पुढे बायको बायनाबाई वारली. दिवाळीनंतर सगळे गाव ऊसतोडीला जायचे. आष्टीला दिलेली लेक सत्यभामा दर वर्षी न्यायला यायची. आश्रुबा दगडाशेजारच्या खोपटात एकटेच राहिले.

मी नकाशा घेऊन गेलो. "आश्रुबा, नंबर बघावा लागतोय. शेंदूर काढू का?"

"काढा की सेक्रेटरी. बाटलीत घासलेट हाय, घ्या. पर जपून घासा, माझी न ह्या दगडाची, आमच्या दोघायची नोकरी अजून लागायची हाय."

बोटभर जाडीचा शेंदूर निघाला. खाली सहाचा आकडा आणि बाण. नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची यादी होती. बाणाचा दगड कालव्याच्या मोजणीचा. रेल्वेचा चौदा नंबर तिथून दोनशे पावलांवर, जिथला काठ पुरात तुटला होता, तिथे. मी दोनदा पडताळले, मग सांगितले.

आश्रुबांनी दगडावर उरलेला शेंदूर अंगठ्याने पुसला.

"म्हंजी पन्नास वर्सं मी कालव्याच्या पाटकऱ्याची चाकरी केली," ते म्हणाले आणि हसले. "त्यो कालवा तरी कुठं आला?"

मी नकाशाची घडी घातली.

"सत्यभामेला सांगू नका बरं का. तिला वाटल, बाप आता मोकळा झाला."

रेल्वेची हद्द विहिरीच्या जागेपासून लांब निघाल्याने विहिरीला परवानगी मिळाली. आश्रुबा आष्टीला गेले नाहीत. त्यांचे बाटलीभर घासलेट संपले होते. ते सोसायटीने अजून भरून दिलेले नाही.