तिकिटावरून पुसलेला चेहरा

टपालाचं तिकीट नखाएवढं असलं तरी चित्र हातभर काढावं लागतं. ते भिंतीला टाचायचं आणि अंगणाच्या टोकाला जाऊन बघायचं; तिथून कळलं तरच तिकिटावर कळणार. साकोलीच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता मी वर्षानुवर्षं हे केलं, आणि दिल्लीच्या टपाल खात्यानं वर्षानुवर्षं चित्रं परत पाठवली. सत्तर सालानंतर कधीतरी एकदाची धान रोवणारी बाई पसंत पडली. ती बाई म्हणजे माझी बायको. कंबर सरळ करायला घडीभर उभी राहिलेली, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची जुडी, तोंड थेट समोर.

तिला कोण आनंद! "दिघोरीले कोनाचीबी चिठ्ठी जाईन, तिच्यासंग मीबी माहेरी जाईन," म्हणायची. सासूबाई मात्र भडकल्या. "तिकिटावर मेलेली मानसं येतेत जी! माह्या जित्या पोरीले कायले चढवून राहिले?" मी हसण्यावारी नेलं.

मग चित्रासकट दिल्लीचं पत्र आलं. चेहरा खऱ्या बाईचा वाटतो, हयात माणसाला आम्ही तिकिटावर घेत नाही, चेहरा बदलून लगेच पाठवा. हाय रे कर्मा! सासूबाईंचं आणि दिल्लीचं एकमत झालं, तेही माझ्या जिवावर.

तोवर बायकोला काविळीनं धरलं होतं. डोळे पिवळेजर्द, पोटात पाणी ठरेना. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी माझी नजर चुकवत गोळ्या लिहून दिल्या. खाटेवर ती, आणि समोर मी ब्रश घेऊन तिचंच तोंड पुसायला बसलेलो. हात उठेना. असं कोणी करतं का? ब्रश भिरकावला. "नाही पाठवत, जा! खड्ड्यात गेलं तिकीट!"

"पुसा न जी," ती म्हणाली. "रंगच तं हाय तो. मी आहो न इथंच."

चित्रात मी तिच्या कपाळावरून पदर खाली ओढला, मान वळवली. अंगणाच्या टोकाला जाऊन पाहिलं. ती आता कुणीही बाई होती. तिथंच उभ्या उभ्या मला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी चित्र रजिस्टरनं रवाना केलं.

दिल्लीला कसली घाई! तिकीट छापून आलं तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. लोक घरी येऊन अभिनंदन करत होते. वाटायचं, एकेकाला दारातूनच हाकलावं. पोस्टाच्या खिडकीशी उभा राहून मी तो पदर बघत राहिलो. डोक्यात एकच गोष्ट घुमत होती, आता तिचा चेहरा नियमात बसला असता.