साहेबांच्या छपराखाली आमच्या सायकली

मंडळी, करोनामुळे रिक्षात दोघांनाच बसवतात, म्हणून आम्ही सालवड गावाहून कारखान्यात सायकलने जातो. सायकल मात्र गेटबाहेर ठेवायची. काल तिथूनच आमच्या खात्यातल्या रामसुरतची सायकल चोरीला गेली.

आज मी माझी सरळ आत नेऊन साहेबांच्या गाडीसाठी बांधलेल्या छपराखाली लावली. साहेब घरून काम करतात; छप्पर तेवढं रोज कामावर येतं.

"ओ भाऊ, हितं सायकल लावायची नाय," वॉचमन म्हणाला.

"मग साहेबांना सांग, येऊन गाडी लावा."

मागून रामसुरत उसनी सायकल घेऊन आला. "भाईसाब, मेरी भी लगा दूँ?"

दुपारी तिथे रांग होती. शेवटची सायकल वॉचमनची.

उद्या साहेब येणार आहेत म्हणे. सायकली हलणार नाहीत. तुमच्या कंपनीत सायकली कुठे उभ्या असतात?