पौर्णिमा बंदरला उद्या होती

पंच्याण्णव साल. मी त्रेपन्न वर्षांचा. चौथीपुढं शाळा पाहिली नाही, पण साडी नुसती चिमटीत धरून तिचा पोत सांगणारा सुलतान बाजारात माझ्यासारखा दुसरा नव्हता. हे मी आजही छातीठोक सांगतो.

अक्का माझ्याहून पुष्कळ मोठी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिच्या मनात एकच राहिलं होतं, कार्तिकी पौर्णिमेचं समुद्रस्नान. आमच्यात समुद्राला पर्वाच्या दिवशीच शिवतात, एरवी लांबूनच हात जोडायचे. तेलुगू मुलखात राहूनही नल्लकुंट्याच्या घरात आमचं मुंबईहून आलेलं मराठी कॅलेंडर. त्यात बघून मी दिवस धरला आणि ज्या साडीच्या दुकानात कामाला होतो, तिथल्या सेठकडं सुट्टी मागितली. समोर रेडिमेडचं काचेचं शोरूम झाल्यापासून सेठ माणसं कमी करत होता. "एकच दिवस. दुसऱ्या दिवशी हजर," असा शब्द दिला.

रात्रीच्या बसनं सकाळी मच्छलीपट्टणला उतरलो. तिकडं त्याला बंदरच म्हणतात. ऑटोनं समुद्रावर गेलो, तर वाळूत माणूस नाही. दोन होड्या आणि एक चहावाली.

"काय रे, पर्वाच्या दिवशी असं सामसूम असतंय व्हय?" अक्का म्हणाली.

चहावाली हसली. "रेपु, अम्मा. पौर्णमी रेपु." म्हणजे उद्या. त्यांच्या पंचांगात उद्या होती.

"आपल्यात आजच आहे," मी म्हणालो. "चल, उतर पाण्यात."

"नक्को बाबा. मुंबईचं कॅलेंडर मुंबईच्या समुद्राला. हा ह्यांचा समुद्र, ह्यांचाच दिवस धरायला पाहिजे." ती ओल्या वाळूपासून लांब जाऊन बसली. मग हळूच म्हणाली, "एक रात्र थांबू या का? धर्मशाळा असेल की कुठं."

"सेठला शब्द दिलाय."

"सेठ काय फासावर देतो व्हय तुला?"

मी उठलो. म्हणालो, चल, गाव दाखवतो. जुना कोट पाहिला, गोऱ्या व्यापाऱ्यांच्या कबरी पाहिल्या, त्यांच्या दगडांवरची नक्षी पाहिली. जिथून छापील कापड गलबतांत भरून विलायतेला जायचं, तिथं नुसता चिखल आणि बगळे. कापडाचा विषय, म्हणून मी बोलतच सुटलो. अक्का "हं, हं" करायची आणि मधेच समुद्राच्या बाजूला बघायची. परतीच्या बसमध्ये तिनं खिडकीची जागा घेतली नाही.

शब्द पाळला याचा मला तेव्हा अभिमान वाटला. पुढं सेठनं दुकानच विकलं. अक्का त्याच्या आधी गेली, पुढली कार्तिकी तिला दिसलीच नाही. कॅलेंडर चुकीचं नव्हतं, हे मी अजूनही म्हणतो. पण ती एक रात्र थांबायला पाहिजे होतं. हे घरात कुणापाशी बोललो नाही, इथं लिहितोय.

ती परतीची बस दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पोचली. त्या वेळी तिकडं लोक पाण्यात उतरले असतील. अक्काला ऑटोत बसवलं. "जा तू," म्हणाली, "उशीर होईल तुला." मी तसाच, बिनआंघोळीचा, सुलतान बाजारला गेलो आणि सेठ यायच्या आत शटर वर केलं.