नळीतला विटकरी रंग

सासऱ्यांची साखर सांभाळायचं काम मी घेणार का, असं मला कुणी विचारलंच नाही. सासूबाई वारल्या होत्या. नवरा एसटीत कंडक्टर, आठवड्यातून दोनदा घरी. मी बोरीच्या शाळेत शिकवत होते, आणि शिकलेली सून म्हणजे अर्धी डॉक्टरच, असा घरादाराचा समज.

सकाळी मामा लघवीची बाटली न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवून मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसत. सुनेनं ती तपासायची, याचं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. मी निळ्या औषधात आठ थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर भरपूर. विटकरी येत राहिलं तर साखरेची गोळी अर्धीची एक करा, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पुढं त्यांच्या पायांवर सूज आली. किडनी थकत चाललीय, डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं कुठंतरी ऐकलं की व्हिटॅमिन सी आणि ई घेतलं तर साखरवाल्यांची किडनी वाचते. पुढच्या खेपेला तो दोन बाटल्याच घेऊन आला. ताकदीच्या गोळ्यांनी काय बिघडतंय, म्हणून मी त्या रोज चार-चार द्यायला लागले. डॉक्टरांना विचारायचं सुचलं नाही. सुचायला डोकं रिकामं लागतं.

आठवड्याभरात नळी विटकरी झाली. मग रोजच. मला एकच कारण दिसलं, गुळाचा डबा.

"मामा, गूळ खाल्लात का?"

"न्हाई गं माय."

मी डबा कुलपात घातला. तरी विटकरीच. शेजारचे देत असतील म्हणून त्यांच्याशी भांडून आले. रोज संध्याकाळी शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी तोच प्रश्न. शेवटी एके दिवशी मामा खाली बघत म्हणाले, "खाल्ला जरासा. चुकलं माझं."

मला जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते. मी गोळी एक केली आणि भाकर अर्धी.

चार दिवसांनी भर दुपारी ते ओट्यावर कोसळले. अंग घामानं थबथबलेलं, बोलणं बरळल्यासारखं. साखर चढली असं समजून मी तोंडाला साधं पाणी लावलं. ज्यांच्याशी भांडले होते, त्यांच्याच जीपमधून परभणी गाठली. डॉक्टरांनी रक्त तपासून शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा कुठं मामांनी डोळे उघडले.

"साखर चढली नव्हती, उतरली होती," सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. "व्हिटॅमिन सी जास्त झालं की साखर नसतानाही तुमचं ते औषध रंग बदलतं. त्यात गोळी वाढवलीत. थकलेल्या किडनीला ती बाहेर टाकता येत नाही, अंगात साठत जाते."

"पण त्या बाटल्यांनी किडनीला काही फायदा?"

"तसं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

मी खाटेशी जाऊन बसले. रडावंसं वाटत होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं.

"मामा, गूळ खाल्लाच नव्हतात, तर हो कशाला म्हणालात?"

त्यांनी नजर वरच्या पंख्याकडे वळवली.

"तू रोज इचारायलीस. शाळा, चूल, वर माझी ती नळी. लय दमायलीस, माय. हो म्हणलं, तर त्या दिवशी तू गप बसून पोटभर जेवलीस."