कोपरातली घडी

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. लिफ्ट जरा कुरकुरली तरी ही जिन्याने जायची. काम मात्र चोख. भाजून बरे झालेल्यांसाठी ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या घट्ट बाह्या कंपनी शिवायची. ते कापड अंगावर कुठे किती ताणलं जाईल, कुठे किती दाबेल, हे ती आधी संगणकावर करून बघायची. आजवर हात सरळ ठेवूनच बघितलेलं. त्या दुपारी तिने पडद्यावरचा हात सहज कोपरात वाकवला.

कोपराच्या आतल्या बाजूला कापड गोळा झालं, घडीवर घडी बसली आणि तिथला दाब दाखवणारा निळा रंग लालभडक झाला. जणू हात दोरीने आवळलाय. आकडे तपासून तिने पुन्हा चालवलं. पुन्हा लाल. आणि असलीच बाही गेल्या आठवड्यात तिने स्वतः वन्संच्या भाजून बऱ्या झालेल्या हातात चढवली होती.

"साहेब, बाह्या थांबवायला हव्यात."

"एक तरी तक्रार आलीय? तुला झुरळातही वाघ दिसतो!" साहेब हसले.

तिने वन्संना फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. ती पर्स उचलून तडक निघाली. टॅक्सीत मनात नाही नाही ते येत होतं.

दार वन्संनीच उघडलं, डाव्या हाताने. उजव्या हाताची बोटं सुजून जांभळी झालेली, हात लावला तर गारढोण.

"फोन का नाही उचललात?"

"धरवत नाही गं बोटांनी."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू एवढी खपलीस त्यावर. घट्टच असते म्हणालीस ना? म्हटलं, सोसावं."

तिने कात्री आणली. कापड कातडीत रुतलेलं. तिने पातं जपून आत सरकवलं. "हलू नका हं, वन्सं." बाही सुटली. चार बोटं हळूहळू गुलाबी झाली. करंगळी तशीच राहिली.

"नस दबलीय," डॉक्टर म्हणाले. "जाणीव परत येते का, बघू या."

दवाखान्याच्या व्हरांड्यातूनच तिने साहेबांना फोन केला. "तक्रार आलीय, साहेब. माझ्याच घरातून. बाह्या परत मागवा, नाहीतर मीच एकेकाला फोन करते."

या वेळी साहेब हसले नाहीत. बाह्या परत आल्या.

त्यानंतर कित्येक महिने ती वन्संची करंगळी चिमटून विचारायची, "लागतंय?" आणि उत्तर येईपर्यंत श्वास रोखून बसायची. एके दिवशी वन्सं कळवळल्या, "अगं बयो, जीव घेतेस की काय!"

ती तिथेच जमिनीवर बसली आणि हमसून हमसून रडली.